'मारुती आठशे घेऊन रॅलीला जाऊ नका' म्हणणाऱ्यांना उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या गाडीवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मोटरस्पोर्ट हा पुण्या-मुंबईच्या पैसेवाल्यांचा खेळ आहे, जुन्या मारुती आठशेत किंवा झेनमध्ये ताकद नाही, खान्देशच्या उन्हात ती पहिल्याच घाटात उकळेल, पंधरा वर्षांची गाडी तशीही भंगारात जायची, आणि एवढीच हौस असेल तर रात्री हायवे मोकळा असतो, तिथे भागवून घ्या. मी जुनी झेन घेऊन टीएसडी रॅलीत (ठरवून दिलेला वेग राखायची स्पर्धा) आणि ऑटोक्रॉसमध्ये (मैदानावर घड्याळाशी शर्यत) उतरतो, दुसऱ्याच्या गाडीत नेव्हिगेटर, म्हणजे शेजारी बसून रस्ता आणि वेळेचं गणित सांभाळणारा, म्हणूनही बसलोय. हा मेसेज वाचून आमच्याकडची पोरं बिचकतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेतो.

आधी ताकदीचं. टीएसडी म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स. यात सगळ्यात वेगाने येणारा जिंकत नाही. आयोजक रोडबुक, म्हणजे रस्त्याची आणि अंतरांची वही, देतात, त्यात प्रत्येक टप्प्याचा सरासरी वेग ठरवून दिलेला असतो, आणि वाटेत कुठे वेळ तपासतील ते सांगत नाहीत. समजा १२ किलोमीटरला ताशी ३६ चा वेग दिलाय. म्हणजे सेकंदाला १० मीटर, किलोमीटरला १०० सेकंद, पूर्ण टप्प्याला २० मिनिटं. तुम्ही जोशात ताशी ४० ने गेलात तर १८ मिनिटांत पोचाल आणि दोन मिनिटं लवकर आल्याचे दंडगुण खाल. बऱ्याच स्पर्धांत उशिरापेक्षा लवकर येण्याचा दंड मोठा असतो. आता यावल-रावेरच्या रस्त्यावर केळीने लादलेला ट्रॅक्टर पुढे आला आणि दीड मिनिट गेलं, तर ते कुठे आणि किती वेग वाढवून भरून काढायचं, हा खरा खेळ. रस्ता चालू असतो, वाहतुकीचे नियम सगळे लागू असतात. ताशी ३६ साठी इंजिनाची किती ताकद (बीएचपी) लागते?

यात जुन्या गाडीची अडचण वेगळीच असते, आणि ती मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नाही: किलोमीटरचा आकडा. टायर झिजलेले किंवा वेगळ्या मापाचे असले की मीटर खोटं बोलतं. म्हणून सुरुवातीला आयोजक मोजून ठेवलेला रस्त्याचा पट्टा देतात. त्यांचे १० किलोमीटर तुमच्या मीटरवर १०.३ दिसले, तर पुढे रोडबुकातल्या प्रत्येक अंतराला १.०३ ने गुणायचं. हे ज्याला जमतं त्याला आठशेतूनही ट्रॉफी मिळते, आणि ज्याला जमत नाही तो नव्या एसयूव्हीतही मागे राहतो.

ऑटोक्रॉसला मात्र वेग लागतो, हे मान्य. पण तिथेही मुरमाच्या मैदानावर शंकू (कोन) लावून आखलेला छोटा ट्रॅक असतो, एका वेळी एकच गाडी सुटते, कोन पाडला की सेकंद वाढतात. बहुतेक ठिकाणी इंजिनाच्या सीसीप्रमाणे गट पाडतात, त्यामुळे आठशेला मोठ्या गाडीशी झुंजावं लागत नाही. आणि आठशेचं वजन साधारण ६५० किलो आहे. आजची हॅचबॅक ९०० च्या आसपास जाते. सैल मातीवर वळताना, थांबताना, पुन्हा उचलताना हा फरक हाताला जाणवतो. ७९६ सीसीच्या इंजिनात वेग एकदा घालवला की परत मिळवायला वेळ लागतो, म्हणून वळणाआधी ब्रेक कुठे सोडायचा, स्टिअरिंग किती कमी फिरवायचं, पुढची चाकं घसरायला लागली की ॲक्सिलेटरवरून पाय किती उचलायचा, हे गाडीच तुम्हाला शिकवते. जास्त ताकदीच्या गाडीत वळणावर वेग घालवण्याची चूक दाबून नेता येते, आणि म्हणून ती वर्षानुवर्षं सुटत नाही.

उकळण्याचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात तथ्य आहे. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पण आमच्याकडे गाड्या उकळतात त्या बहुतेक वेळा आपल्याच सवयींमुळे. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरायचं, त्यातला क्षार आत जाळीत बसतो. गाडी तापली की थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप) काढून फेकायचं. मग हिवाळ्यात इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जळतं, आणि मूळ दुखणं तसंच राहतं. रेडिएटरच्या झाकणाचं रबर गेलेलं असतं, ते कोणी बघत नाही. त्या झाकणाची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते म्हणूनच पाणी १०० अंशांना उकळत नाही. दाब गेला की तोरणमाळच्या घाटात दुसऱ्या गिअरवर चढताना ती फसफसणारच. रेडिएटर आतून साफ करून घ्या, कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून भरा, होजपाइप आणि झाकण बदला, पंखा वेळेवर सुरू होतो का ते उभ्या गाडीवर तपासा. यातलं एकही काम लाखाचं नाही. धुळीचं तसंच. काळ्या मातीची धूळ फार बारीक असते, तिच्यासाठी एअर फिल्टर प्रत्येक स्पर्धेनंतर उघडून बघावा लागतो.

पैशांबद्दल प्रामाणिकपणे सांगतो. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या रॅलीत, जिथे रस्ता बंद करून पूर्ण वेगाने स्टेज (टप्पे) पळवतात, तिथे रोलकेज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला लोखंडी सांगाडा), हार्नेस (अनेक पट्ट्यांचा सीटबेल्ट), ठरलेल्या दर्जाचं हेल्मेट आणि आग न पकडणारा सूट लागतो, आणि हा खर्च जुन्या गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. आपल्याला जवळच्या नाशिकला अशा रॅली झालेल्या आहेत. जाऊन बघा, सर्व्हिस पार्कमध्ये, म्हणजे स्पर्धेतल्या गाड्या दुरुस्त करतात त्या जागी, उभं राहून शिकण्यासारखं खूप आहे. पण सुरुवात तिथून करायची नसते. जुनी आठशे नव्या मोटरसायकलपेक्षा कमी पैशांत मिळते. मग पैसे कुठे घालायचे ते ठरवा: टायर, ब्रेक ऑइल, ब्रेकचे पाइप, शॉकअप, बुश, बॉल जॉइंट, सीटबेल्ट. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी भरपूर दिसली तरी जुनं, कडक झालेलं रबर मातीवर टिकत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, दर दोन वर्षांनी बदलायलाच हवं. मॅट उचलून खालचा पत्रा बघा. तो सडलेला असेल तर ती गाडी स्पर्धेला नेऊ नका, कितीही स्वस्त मिळालेली असो. आवाज करणारा सायलेन्सर आणि मागचा पंख (स्पॉयलर) यांचा नाद बाजूला ठेवा.

पंधरा वर्षांनी गाडी बंद करण्याचा नियम दिल्ली आणि आसपासच्या भागातला आहे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. एप्रिल २०२२ पासून कारसाठी हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, आणि फार जुन्या गाड्यांना त्याहून जास्त पडतं. खर्च वाढलाय हे खरं, पण 'भंगारातच जाणार' हे चूक आहे.

आणि तो शेवटचा सल्ला, रात्री हायवेवर भागवून घ्या. मला राग येतो तो याच ओळीचा. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं गुन्हा ठरवतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा सोडा, सुरत-नागपूर महामार्गावर रात्री दिवे न लावता उभा असलेला ट्रेलर, विरुद्ध बाजूने येणारी ट्रॉली आणि शेताकडे निघालेला माणूस यांना तुमची शर्यत माहीत नसते. स्पर्धेत गाडी आधी तपासली जाते: बॅटरी घट्ट बांधलीय का, पेट्रोल गळतंय का, आत काही सुटं पडलंय का, सीटबेल्ट लॉक होतो का. मैदानावर समोरून कोणी येत नाही आणि अग्निशामक घेतलेला माणूस उभा असतो. हायवेवर यातलं काय आहे?

एक गोष्ट उतरण्याआधी बघा. नेहमीच्या कार पॉलिसीत संघटित शर्यत, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या भरवशाची चाचणी) यांना संरक्षण नसतं. आयोजकांचा विमा कशाला लागू होतो, तुमच्या गाडीचं नुकसान त्यात येतं का, हे फॉर्म भरतानाच विचारा. आयोजक एफएमएससीआयशी (भारतातल्या मोटरस्पोर्टची संघटना) संलग्न आहे का आणि स्पर्धेचा परवाना लागेल का, तेही त्याच वेळी. गाडीच नसेल तर नेव्हिगेटर म्हणून नाव द्या. गणित पक्कं असलेला माणूस प्रत्येक ड्रायव्हरला हवा असतो, आणि तो लवकर मिळत नाही.