मांडवातला अर्ज

आमच्या मंडळाच्या खजिनदारांकडे लाल कापडी बांधणीची एक लांबोळकी वही आहे. उत्सवाच्या दहा दिवसांतला पै-पैचा हिशोब तीत उतरलेला असतो. मांडवाचे भाडे, तात्पुरते वीज मीटर, हारफुले, ढोल-ताशा पथकाची सुपारी, बंदोबस्ताच्या पोलिसांना पाठवलेला चहा हे सगळे त्यात सापडते, आणि कोणत्या घराने गेल्या वर्षीपेक्षा शंभर रुपये कमी वर्गणी दिली याची समासात पेन्सिलीने केलेली बारीक नोंदही सापडते. पुण्यात राहून मी नागरी प्रश्नांवरची बरीच व्याख्याने ऐकली, काही चर्चासत्रांना हजेरीही लावली. पण सार्वजनिक पैसा म्हणजे काय आणि त्याचे उत्तर कोणाला द्यावे लागते, हे मला या वहीने शिकवले. विसर्जनानंतरच्या बैठकीत 'रोषणाईचे बिल एवढे कसे?' असा प्रश्न एखाद्या आजोबांनी विचारला की खजिनदारांना पावती काढून दाखवावीच लागते. ती सापडेपर्यंत पुढचा विषय निघत नाही.

सार्वजनिक गणेशोत्सव १८९२ मध्ये सुरू झाला की १८९३ मध्ये, आणि त्याचे श्रेय भाऊसाहेब रंगारींना द्यायचे की लोकमान्यांना, यावर पुण्यात आजही तासभर वाद घालता येतो, आणि घालावाही. मात्र या वादात एक साधी गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. शंभर-सव्वाशे घरांच्या एका गल्लीला दरवर्षी स्वतःहून एकत्र यायला लावणारी आणि त्यासाठी कोणाकडूनही मानधन न घेणारी दुसरी व्यवस्था या शहरात नाही. मंडळाच्या कार्यकर्त्याला पोलीस ठाण्याची परवानगी, वाहतूक शाखेचा ना-हरकत दाखला, अग्निशमन गाडीला सोडायची वाट, धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी किंवा ती नसेल तर वर्गणीसाठी घ्यायची तात्पुरती परवानगी, हे सगळे तोंडपाठ असते. कोणत्या खांबावरून तार ओढता येते आणि पावसात कोणते चेंबर आधी तुंबते, हे त्याला कनिष्ठ अभियंत्याच्या आधी कळते. एवढे सगळे येणारा माणूस अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मांडवाचे बांबू उतरवतो आणि पुढचे अकरा महिने त्याच तुंबलेल्या चेंबरवरून नाक दाबून जातो. याचे मला फार दिवस आश्चर्य वाटत आले आहे, आणि त्या माणसांत मी स्वतःही होतो.

पुणे महानगरपालिकेत २००६-०७ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामे सुचवता येतात. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याचे अर्ज मागवले जातात. पदपथाची दुरुस्ती, पथदिवे, बसायचे बाक, बसथांब्याचे छत, दिशादर्शक फलक, स्वच्छतागृह अशा छोट्या कामांचा त्यात विचार होतो आणि एका कामाची मर्यादा पाच लाख रुपयांची असते. ज्या महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक १२,६१८ कोटी रुपयांचे होते, तिथे पाच लाख म्हणजे दर्यात खसखस, हे मला मान्य आहे. पण आपल्या गल्लीच्या तोंडाशी एक दिवा लागणे किंवा न लागणे हा तिथून रात्री साडेनऊला शिकवणीहून परतणाऱ्या मुलीच्या दृष्टीने खसखशीएवढा प्रश्न नसतो, म्हणून मी या अर्जाला किंमत देतो.

आता यातली गंमत पाहा. हा अर्ज भरण्याचे दिवस बहुतेक वेळा गणपतीच्या आगेमागेच येतात. म्हणजे ज्या आठवड्यांत सारी गल्ली एका मांडवाखाली जमलेली असते, ज्या आठवड्यांत घरटी एक तरी माणूस आरतीला येऊन जातो, नेमक्या त्याच आठवड्यांत शहर आपल्याला विचारत असते की तुमच्या भागात काय हवे आहे; आणि आपण 'आत्ता उत्सवाची गडबड आहे, नंतर बघू' असे म्हणून मुदत घालवतो. आम्ही ती सलग कितीतरी वर्षे घालवली. शेवटी एका वर्षी मंडळातल्या दोन तरुण मुलींनी आग्रह धरला म्हणून पहिला अर्ज भरला आणि तो फेटाळला गेला. दोष सर्वस्वी आमचा होता. 'आमच्या गल्लीतील ज्येष्ठांसाठी बाके बसवावीत' एवढेच आम्ही लिहिले होते. गल्लीच्या कोणत्या टोकाला, किती, कोणत्या इमारतीसमोर, यातले काहीही त्यात नव्हते. आणि आमच्या मनातली जागा एका सोसायटीच्या खासगी आवारातली निघाली. महापालिकेचा पैसा खासगी जागेवर खर्च करता येत नाही, हे वर्गणीचा पैसा खासगी कामाला लावू न देणाऱ्या आमच्या खजिनदारांना सांगण्याची वेळ यावी, याचे त्यांनाच सर्वात जास्त वाईट वाटले.

या निमित्ताने मला पुण्याच्या इतिहासातला एक प्रसंग आठवतो. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेली पुणे सार्वजनिक सभा पुढे दुष्काळ, शेतसारा आणि राज्यकारभार अशा मोठ्या प्रश्नांमुळे ओळखली गेली. पण तिचे मूळ पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींत आहे. देवस्थानच्या व्यवस्थेवर लोक नाराज होते आणि गणेश वासुदेव जोशी यांनी, म्हणजे आपल्या सार्वजनिक काकांनी, त्यात लक्ष घातले. तेव्हा तुम्ही कोणाच्या वतीने बोलता, हा प्रश्न पुढे आला. त्यावर काकांनी काढलेला मार्ग आजही थक्क करतो. सभेचा सभासद व्हायचे असेल तर लोकांची सही असलेले मुखत्यारपत्र आणावे लागे, आणि अशा रीतीने पंचाण्णव सभासद सुमारे सहा हजार लोकांच्या वतीने बोलू लागले. मतदानाचा हक्क नसलेल्या काळात, एका देवस्थानाच्या हिशोबावरून सुरू झालेल्या कुरकुरीतून प्रातिनिधिक संस्था उभी राहिली. आज आपल्याला मतदानाचा हक्क आहे, माहितीचा अधिकार आहे, अर्जाचा नमुना मोबाइलवर मिळतो, आणि तरीही 'तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?' या प्रश्नापुढे आपल्यातले बहुतेक जागरूक नागरिक एकटेच उभे असतात.

जागरूक नागरिक हा शब्द वापरताना माझ्या मनात थोडी चिडही आहे, ती लपवत नाही. शहरात रविवारच्या सकाळी होणाऱ्या मोहिमांची अलीकडे रेलचेल झाली आहे. नदीकाठची स्वच्छता, टेकडीवरची रोपे, भिंतीवरची चित्रे असे बरेच काही चाललेले असते. एकसारखे टी-शर्ट, हातमोजे, छायाचित्र आणि नाश्ता झाला की साडेदहाला सगळे घरी. यातल्या कोणाच्याही हेतूबद्दल मला शंका नाही, आणि मी स्वतः अशा मोहिमांना गेलेलो आहे. मात्र नदीकाठी गोळा केलेल्या पोत्यांचे सोमवारी काय झाले, ती कोणी उचलली, कुठे नेली, आणि तिथे पुन्हा कचरा टाकणारे नेमके कोण, हे विचारायला दुसरा रविवार उजाडत नाही. शहराचा कचरा रोज उचलणाऱ्या बाया ही पोती बघून काय म्हणत असतील, असे मला नेहमी वाटते. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी १९९३ मध्ये आपली पंचायत, म्हणजे संघटना, उभारली आणि पुढे त्यातूनच घरोघरी कचरा गोळा करणारी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. त्या बायांनी नागरी सहभागावर व्याख्यान दिलेले नाही. त्यांनी ओळखपत्र मागितले, दर ठरवून मागितले, आणि त्यासाठी वर्षानुवर्षे महापालिकेचे जिने झिजवले. मला या विषयावर कोणाचे ऐकावेसे वाटत असेल तर त्यांचे.

एक दिवसाचा उपक्रम फुकट असतो असे मात्र मी म्हणणार नाही, कारण लक्ष्मी रस्ता माझ्या डोळ्यांसमोर आहे. ११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने तिथे पहिल्यांदा पादचारी दिन पाळला आणि रस्त्याचा काही भाग दिवसभर वाहनांना बंद ठेवला. एरवी दुचाकी, हातगाड्या आणि खरेदीच्या पिशव्या यांतून अंग चोरून चालावे लागते, त्या रस्त्याच्या मधोमध लहान मुले बसली होती आणि साडीच्या दुकानातली मंडळी बाहेर येऊन बघत होती. त्या दिवशी अनेकांना प्रथमच कळले की हा रस्ता मुळात चांगला रुंद आहे. उपक्रमाने एवढे केले तर त्याचे काम झाले. उरलेले ३६४ दिवस पदपथावरची दुचाकी कोणी हटवायची, हा प्रश्न उपक्रमाच्या आयोजकांचा नसतो, तो आपला असतो, आणि तो कोणाला विचारायचा तेच आपल्याला नीट माहीत नसते.

ते माहीत नसण्याला कारणेही आहेत. १४ मार्च २०२२ रोजी पुण्यातल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत शहर प्रशासकांच्या हाती राहिले. जवळजवळ चार वर्षे आमच्या भागातल्या लोकांना दार ठोठावायला नगरसेवक नव्हता, होते ते माजी आणि इच्छुक. आता नगरसेवक आले आहेत, पण बहुतेक प्रभागांत चार-चार, त्यामुळे तुंबलेल्या चेंबरची तक्रार घेऊन गेलेला माणूस चार दारे फिरतो आणि पाचव्या दिवशी गप्प बसतो. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १९९३ पासून, तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या आणि महाराष्ट्राच्या कायद्याने त्यांत स्वयंसेवी संस्थांच्या प्रतिनिधींनाही जागा ठेवली. त्याखाली मतदारांची क्षेत्रसभा असावी, अशी तरतूदही २००९ मध्ये झाली. गावात ग्रामसभा जशी, तशी शहरात क्षेत्रसभा. आपल्यापैकी किती जणांनी ती पाहिली आहे? मी ओळखीच्या चाळीसेक माणसांना विचारून पाहिले. त्यांतल्या तिघांनी हा शब्द ऐकलेला होता, आणि त्यांतले दोघे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे होते.

माझे म्हणणे असे आहे की क्षेत्रसभा भरत नाही तोवर तिची जागा मांडवाने घ्यावी. याला होणारे आक्षेप मला माहीत आहेत आणि त्यांतले निम्मे खरे आहेत. मंडळे राजकीय पक्षांच्या दावणीला बांधलेली असतात, कमानीवर भावी नगरसेवकाचा चेहरा गणपतीपेक्षा मोठा असतो, ध्वनिवर्धकाच्या भिंतींनी आजारी माणसांचा जीव नकोसा होतो, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यांवर चपलांचा खच पडतो आणि तो उचलणाऱ्यांना आपण मिरवणुकीत कधी बोलावलेले नसते. शिवाय कार्यकारिणीत बाया किती, भाडेकरू किती, गल्लीच्या टोकाला राहणारी दुसऱ्या धर्माची कुटुंबे किती, असे विचारले तर आमच्याही मंडळाला मान खाली घालावी लागेल. केवळ मंडळाचा आवाज हा गल्लीचा आवाज मानला तर घोटाळा होईल. पण दहा दिवस मांडवात येणारी माणसे ही कार्यकारिणीपेक्षा कितीतरी निराळी आणि कितीतरी जास्त असतात, आणि मांडवात अर्जाचे टेबल मांडायचे ते त्यांच्यासाठी.

आम्ही गेल्या उत्सवात ते मांडून पाहिले. प्रसादाच्या टेबलाशेजारी दुसरे टेबल, त्यावर प्रभागाचा नकाशा, कोरे अर्ज आणि त्या दोन मुली. पहिले दोन दिवस कोणी फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी मुलींनी युक्ती केली आणि नकाशा उचलून महाप्रसादाच्या रांगेच्या कडेला लावला. रांगेत उभ्या माणसाला वेळच वेळ असतो. आमच्या कार्यकारिणीला बाके हवी होती, कारण बाकांवर 'सौजन्य' लिहिता येते, हे मी मोकळेपणाने सांगतो. रांगेतल्या बायांनी मात्र बाकांना बोटही लावले नाही. त्यांची बोटे नकाशावर एकाच ठिकाणी जाऊन टेकत होती. शाळेमागच्या वळणावर दिवा नाही आणि पदपथाची फरशी उचकटलेली आहे. धुणी-भांडी करणाऱ्या एक मावशी पहाटे साडेपाचला त्याच वळणावरून येतात. त्यांनी खांबाची जागा पावलांनी मोजून सांगितली, आणि अर्जात आम्ही तीच लिहिली. शाळेच्या मागच्या फाटकापासून बावीस पावले, डावीकडे. खाली एकशे सदतीस सह्या जोडल्या.

अर्ज स्वीकारल्याची पोच मिळाली आहे. काम अंदाजपत्रकात आले का, कोणत्या शीर्षाखाली, निविदा निघाली का, हे आता पाहावे लागेल. दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना कागदपत्रे पाहू द्यावीत, असा आदेश राज्य शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढलेला आहे, म्हणून आम्ही सोमवार वाटून घेतले आहेत. पहिला सोमवार खजिनदारांकडे आहे. त्यांनी लाल वहीत मागून एक पान उलटे सुरू केले असून वर 'दिवा' असे लिहून तारखांसाठी रकाने आखले आहेत.