‘डॉट इन’ला सरकारची हमी असते, हे कोणी सांगितले?

ज्या संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट इन’ असा होतो ते भारत सरकारने तपासलेले असते, म्हणून तेथे बिनधास्त पैसे भरावेत, असा संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. नाव एकदा विकत घेतले की ते कायमचे आपले होते, मराठी अक्षरांत पत्ता मिळत नाही आणि आपल्या दुकानाचे नाव दुसऱ्याने आधी नोंदवले तर हात चोळत बसावे लागते, अशी पुरवणीही त्याला जोडलेली आहे. घरगुती मसाले विकणाऱ्या माझ्या मामींनी हे सारे खरे मानून चार गटांत पुढे पाठवले, तेव्हा गप्प राहणे अवघड झाले.

यातला पहिला दावा सर्वांत घातक आहे. ‘डॉट इन’चा कारभार निक्सी ही ना-नफा तत्त्वावरील कंपनी पाहते आणि 2005 साली लागू झालेल्या धोरणाने ही नोंदणी सर्वांसाठी खुली केली. जो आधी मागेल त्याला नाव मिळते. भारतीय असण्याची अट नाही. लिंक्डइन ही अमेरिकी कंपनी आपल्या छोट्या दुव्यांसाठी ‘डॉट इन’चाच पत्ता वापरते. नोंदणी करताना ओळखीची कागदपत्रे घेतली गेली, तरी पैसे घेणारा माल पाठवील याची खात्री त्यातून कशी मिळणार? ‘डॉट इन’ एवढे भरवशाचे असते, तर रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या वेगळ्या, केवळ बँकांसाठी राखलेल्या पत्त्यावर 31 ऑक्टोबरपर्यंत जाण्यास सांगितलेच नसते.

‘डॉट गव्ह डॉट इन’ सरकारी कार्यालयांसाठी आणि ‘डॉट एसी डॉट इन’ शिक्षणसंस्थांसाठी राखीव आहे, एवढे अर्धसत्य संदेशात आहे हे नाइलाजाने मान्य करतो. मात्र ही अक्षरे पत्त्याच्या नावाच्या अगदी शेवटी, म्हणजे नावानंतर येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी असली पाहिजेत. ‘गव्ह’ मध्येच कोठेतरी घुसवलेले किंवा आडव्या रेघेने ‘इन’ला चिकटवलेले दिसले, तर तो पत्ता कोणाचाही असू शकतो, फसवणूक करणारे नेमकी हीच युक्ती वापरतात.

कायमच्या मालकीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. नोंदणी 1 ते 10 वर्षांसाठी असते आणि मुदतीनंतर शुल्क भरून नूतनीकरण केले नाही, तर नाव दुसऱ्याला मिळू शकते.

मराठी अक्षरांतील पत्ताही मिळतो. देवनागरीतील ‘डॉट भारत’ची नोंदणी 2014 पासून सुरू आहे. असा पत्ता अनेक ऑनलाइन अर्जांत आणि ईमेल सेवांत आजही स्वीकारला जात नाही हे खरे, पण तो दोष त्या अर्जांचा आणि सेवांचा आहे.

दुसऱ्याने नाव बळकावले तर ‘डॉट इन’ची स्वतःची तंटानिवारण व्यवस्था आहे. ते नाव आपल्या नावाशी किंवा चिन्हाशी फसवे साम्य राखते, नोंदवणाऱ्याचा त्यावर वैध हक्क नाही आणि नोंदणी किंवा वापर दुष्ट हेतूने झाला आहे, हे तिन्ही मुद्दे लवादापुढे दाखवावे लागतात. तक्रार मान्य झाल्यास नोंदणी रद्द होते किंवा नाव तक्रारदाराकडे येते. त्यासाठी शुल्क पडते आणि जुन्या बिलांपासून व्यापारचिन्हाच्या कागदांपर्यंत पुरावे लागतात, म्हणून ते जपून ठेवावेत. सत्यम इन्फोवे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2004 सालीच संकेतस्थळांच्या नावांना व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते असे ठरवले असल्यामुळे न्यायालयाचा मार्गही खुला आहे.