‘ओआरएस म्हणजे नुसतं साखर-मिठाचं पाणी’ म्हणणाऱ्यांसाठी

पावसाळा लागला की व्हॉट्सअॅपवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. शब्द बदलतात, आशय तोच: जुलाब होणाऱ्या मुलाला ओआरएस पाजण्यात वेळ घालवू नका. ते नुसतं साखर-मिठाचं पाणी आहे, प्यायलेलं सगळं खालून निघून जातं, वर साखरेने जुलाब वाढतात. जुलाब काही थांबत नाहीत, तेव्हा सरळ सलाईन लावा, आणि तोवर ग्लुकोजचं पाणी किंवा कोल्ड्रिंक द्या.

यातलं एखाद-दुसरं वाक्य अर्धं खरं आहे. तेवढ्या जोरावर बाकीचं सगळं खपून जातं आणि मूल सुकत असताना आईबाप हातातली पुडी बाजूला ठेवतात. म्हणून एकेक दावा नीट तपासू.

‘प्यायलेलं सगळं निघून जातं.’ साऱ्या गैरसमजाचं मूळ इथे आहे. त्यासाठी लहान आतड्याच्या अस्तरातली एक पेशी बघावी लागेल, तीही सगळ्यात वाईट प्रसंगी, म्हणजे कॉलऱ्यात. कॉलऱ्याचा जंतू या पेशीत शिरत नाही. तो आतड्यात राहून विष सोडतो, हे शास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी कलकत्त्यात सशांच्या आतड्यावर प्रयोग करून १९५९ मध्ये दाखवलं. त्या विषाचा एक तुकडा पेशीत जातो आणि तिथल्या एका जी-प्रथिनाला, म्हणजे पेशीत संदेश पोचवणाऱ्या प्रथिनाला, धरतो. एरवी हे प्रथिन बाहेरून संदेश आला की चालू होतं आणि काम झालं की आपलं आपण बंद होतं. विष त्याची बंद होण्याची क्षमताच काढून घेतं. मग पेशीत सायक्लिक एएमपी हे संदेश पुढे नेणारं रसायन साचत जातं, पेशीच्या आतड्याच्या पोकळीकडच्या पटलातले (पातळ आवरणातले) क्लोराइडचे मार्ग उघडे राहतात, क्लोराइड बाहेर पडतं, त्यामागे सोडियम, त्यामागे पाणी. रोग तीव्र असेल तर तासाला लिटरभर पाणी असं जाऊ शकतं. शिवाय त्याच संदेशाने मीठ आत घेण्याचा नेहमीचा मार्गही मंदावतो. म्हणजे नुसतं पाणी किंवा नुसतं मिठाचं पाणी पाजून फार उपयोग होत नाही, हे लोकांचं निरीक्षण बरोबर आहे.

पण त्याच पटलात आणखी एक वाहक प्रथिन बसलेलं असतं. त्याचं नाव एसजीएलटी-१. विषाने सुरू झालेल्या या गोंधळात त्याचं काम बंद पडत नाही. ते दोन सोडियम आणि एक ग्लुकोज अशी एकत्रच उचल करतं. सत्यनारायणाच्या पूजेला जोडप्यानेच बसावं लागतं, तसं. एकटं सोडियम आलं तर आत घेतलं जात नाही, एकटं ग्लुकोज आलं तरी नाही. दोघं आत आले की पेशीच्या रक्ताकडच्या बाजूचा पंप तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. या पंपामुळेच पेशीत सोडियम कायम कमी राहतं आणि नवं सोडियम आत ओढलं जातं. ग्लुकोज वेगळ्या वाटेने रक्ताकडे जातं. आणि जिकडे हे विरघळलेले पदार्थ गेले तिकडे त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं, यालाच परासरण म्हणतात. एकीकडे पाणी बाहेर पडत असतं, त्याच वेळी दुसरीकडून ते आत येत असतं. सोडियम आणि ग्लुकोजच्या या जोडवाहतुकीची कल्पना जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग इथे मांडली.

तेव्हा ओआरएसमधली साखर चवीसाठी नाही आणि ‘ताकदीसाठी’ही नाही. ती सोडियम आत नेण्यासाठी आहे. तिला ‘नुसती’ म्हणणं हे पेशीचं काम न पाहता बोलणं झालं.

‘साखरेने जुलाब वाढतात.’ जास्त साखरेने वाढतात, हे खरंच आहे. न शोषलेली साखर आतड्यात राहते आणि उलट पाणी पोकळीत ओढते. म्हणून प्रमाणाला इतकं महत्त्व. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रात एक लिटर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. ग्लुकोज आणि सोडियम दोन्ही लिटरला ७५ मिलिमोल, म्हणजे वजनाने नाही तर कणांच्या संख्येने बरोबरीने. २००२ पूर्वी ग्लुकोज २० ग्रॅम होतं. ते कमी केल्यावर मुलांना मध्येच सलाईन लावावं लागण्याचं प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटलं. आता कोल्ड्रिंक बघा: लिटरला साधारण १०० ग्रॅम साखर आणि सोडियम नाममात्र. साखरेची भीती घालणारा मजकूर शेवटी कोल्ड्रिंक सुचवतो, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. ग्लुकोज पावडरीच्या पाण्यात सोडियम जवळजवळ नसतंच. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, त्यामुळे ते आवडीने प्यावं, पण ओआरएसच्या जागी नाही.

‘सलाईन हाच खरा उपाय.’ १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या लोंढ्यात पश्चिम बंगालमधल्या बनगावला कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मिसळून केलेलं पाणी पिंपांतून वाटायला सुरुवात केली, आणि ते पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. तिथला मृत्युदर ३० टक्क्यांच्या आसपास होता, ओआरएस घेतलेल्यांमध्ये तो ३.६ टक्क्यांवर आला. हे सोयींनी सज्ज दवाखान्यात नाही, निर्वासितांच्या गर्दीत घडलं. या माणसाला पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. फार उशिरा, असं मला वाटतं.

‘ओआरएसने जुलाब थांबत नाहीत.’ बरोबर, थांबत नाहीत. विषाने पछाडलेलं जी-प्रथिन ओआरएस सोडवू शकत नाही. पण आतड्याच्या अस्तरातल्या पेशी काही दिवसांतच झडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. तोवर रक्तातलं पाणी आणि क्षार टिकवणं, एवढंच काम ओआरएसचं आहे आणि जीव त्यावरच वाचतो. मुलांना सोबत झिंक देतात, त्याने जुलाबाचे दिवस कमी होतात. किती द्यायचं ते डॉक्टर वयानुसार सांगतील.

पुडी घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते वाचा. गोड पेयांच्या खोक्यांवर ‘ओआरएस’ लिहिण्याला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती उगाच नाही. एक लिटरची पुडी असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवा, अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात टाकू नका. पुडी मिळालीच नाही तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मूल उलटी करत असेल तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करा. अंगावरचं दूधही बंद करू नका.

आणि मूल गुंगीत असेल, त्याला पिता येत नसेल, डोळे खोल गेले असतील, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती हळूहळू जागेवर जात असेल किंवा शौचात रक्त दिसत असेल, तर लगेच दवाखाना गाठा. तिथे सलाईन लागेल आणि लागायलाच हवं. मूल शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर वाटेतही ओआरएस चमच्याने पाजत राहा.