मेसेज आधीही जात होते

सॉफ्टवेअरला एक्सपायरी डेट असते हे आमच्या घरी कुणाला पटतच नाही. औषधाला असते, ब्रेडला असते, पण चांगलं चालू असलेलं सॉफ्टवेअर एका तारखेला संपणार म्हणजे काय, तुम्हीच काहीतरी बिघडवलं असणार असं बाबांचं ठाम मत.

तर झालंय असं, की आमच्या क्लायंटची बरीचशी ॲप्स एकमेकांशी अ‍ॅझ्युर सर्व्हिस बसवरून, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधल्या मेसेजच्या टपालखात्यावरून बोलतात. ऑर्डरवालं ॲप मेसेज टाकतं, बिलिंगवालं उचलतं, गोडाऊनवालं जमेल तेव्हा उचलतं. हे सगळं ज्या लायब्रऱ्यांवर (आयत्या कोडच्या गठ्ठ्यांवर) चालतं त्या मायक्रोसॉफ्ट ३० सप्टेंबर २०२६ ला रिटायर करतंय. लायब्रऱ्या, अनेकवचन. सगळ्यात जुनी विंडोजअ‍ॅझ्युर डॉट सर्व्हिसबस, तिच्या जागी आलेली मायक्रोसॉफ्ट डॉट अ‍ॅझ्युर डॉट सर्व्हिसबस, आणि जाणाऱ्या या दोघींच्या जागी आता अ‍ॅझ्युर डॉट मेसेजिंग डॉट सर्व्हिसबस. तेच तेच शब्द फिरवून फिरवून लावलेत, आणि आमच्याकडे तिन्ही आहेत, एका सोल्युशनमध्ये तर शेजारी शेजारी नांदतात.

तारीख ऐकल्यावर आईने लगेच भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. "अगं यंदा अधिक ज्येष्ठ होता, त्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला, विसर्जन २५ ला. म्हणजे तुझी ही ३० तारीख पितृपक्षात येतीये." मी हे स्टँडअपमध्ये, टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, सांगितलं तर मॅनेजरला वेगळंच टेन्शन, की गणपतीत अर्धी टीम गावाला आणि उरलेली ढोलपथकात, म्हणजे जे काय करायचं ते त्याच्या आत. "नुसती लायब्ररी बदलायचीये ना, दोन स्प्रिंट पुरे," (स्प्रिंट म्हणजे आमचा कामाचा काही आठवड्यांचा हप्ता) असं म्हणून त्याने एक्सेलमध्ये तो रकाना हिरवा पण करून टाकला.

आता नुसती बदलायची म्हणजे काय ते ऐका. नावं बदललीत ते एक वेळ सोडा, लेबलचं सब्जेक्ट झालं, प्रॉपर्टीजचं ॲप्लिकेशनप्रॉपर्टीज झालं, फाइंड-रिप्लेस मारलं की संपलं. पण आधी पाठवायचा आणि आलेला मेसेज एकाच क्लासचा, म्हणजे एकाच साच्याचा होता, ब्रोकर्डमेसेज. नवीन लायब्ररीत दोन वेगळे क्लास आहेत, त्यामुळे आलेला मेसेज उचलून जसाच्या तसा पुढे ढकलता येत नाही, त्याच्यावरून नवीन बनवावा लागतो. आणि आमचं निम्मं आर्किटेक्चर आलेलं पुढे ढकलणे यावरच उभं आहे (तशी आमची निम्मी कंपनीही, पण तो वेगळा विषय).

शिवाय पूर्वी मेसेज स्वतःच 'कम्प्लीट' (माझं काम झालं) म्हणायचा, आता ते रिसीव्हरला, म्हणजे मेसेज उचलणाऱ्याला सांगावं लागतं. हा कम्प्लीटचा प्रकार आमच्या ज्युनियरला काही केल्या समजेना, शेवटी मी तिला म्हणलं, स्थळ बघतात ना तसं आहे. पत्रिका आणि फोटो ठेवून घ्यायचा, "बघून कळवतो" म्हणायचं, तेवढ्या वेळात ते स्थळ दुसऱ्या कुणाला दाखवत नाहीत, हे लॉक. एका वेळी जास्तीत जास्त ५ मिनिटं, अजून हवी असतील तर वाढवून मागायची. काहीच कळवलं नाही की पत्रिका परत रांगेत, दुसऱ्या घरी. आणि सेटिंग बदललं नसेल तर अशी १० घरं फिरून झाली की ती जाते डेड लेटर क्यूमध्ये, वाया गेलेल्या मेसेजच्या वेगळ्या रांगेत, जिकडे कुणी बघायलाही जात नाही. हे तिला एका सेकंदात समजलं. तिच्या घरी तेच चालू आहे.

मग पहिला टेस्ट मेसेज सोडला, नवीन रिसीव्हरने उचलला, आणि उघडून बघतो तर ऑर्डरच्या जेसनच्या (म्हणजे ऑर्डरच्या मजकुराच्या) आधी चार कचरा अक्षरं, त्यात मधेच 'स्ट्रिंग' आणि मग २००३ साल अन् दहावा महिना असलेला एक लांबलचक वेब ॲड्रेस. बिलिंगवाल्या ॲपने अर्थातच हात वर केले. ज्युनियर म्हणाली हॅक झालं बहुतेक. हॅक कुठलं, सगळ्यात जुन्या लायब्ररीला आपण साधी स्ट्रिंग दिली तरी ती डेटाकॉन्ट्रॅक्ट सिरियलायझरमधून काढून बायनरी एक्सएमएलमध्ये गुंडाळून पाठवायची आणि पलीकडे तीच सोडवायची, त्यामुळे इतकी वर्षं ते गुंडाळलेलं कुणाला दिसलंच नव्हतं. नवीन लायब्ररी म्हणते, मी बाइट्स आणून देते, सोडवायचं ते तुमचं तुम्ही बघा. मला विचाराल तर हेच बरोबर आहे, पण हे मत मी रात्री साडेअकराच्या प्रॉडक्शन कॉलवर मांडत नाही.

मग क्रम ठरला. आधी सगळे घेणारे बदलायचे, त्यांना जुनं गुंडाळलेलं आणि नवीन उघडं असं दोन्ही वाचता आलं पाहिजे, आणि मग सावकाश पाठवणारे बदलायचे. उलटं केलं की बोंब. आणि पाठवणारे बदलून झाले तरी जुनं वाचायचा कोड लगेच काढायचा नाही, कारण शेड्युल केलेले मेसेज असतात. आमच्या एका ॲपने वॉरंटी संपायच्या आधी आठवण करायची म्हणून पार पुढच्या दिवाळीपर्यंतचे मेसेज आत्ताच टाकून ठेवलेत, सगळे जुन्या पद्धतीने गुंडाळलेले. लायब्ररी जाईल, तिची पत्रं येत राहतील.

खरी मजा मात्र फायरवॉलची, म्हणजे क्लायंटच्या नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकऱ्याची. जुनी बाई, म्हणजे सगळ्यात जुनी लायब्ररी, स्वतःच्या एसबीएमपी नावाच्या प्रोटोकॉलवर बोलायची, ९३५४ पोर्टवरून (पोर्ट म्हणजे त्या दारातली नंबर दिलेली खिडकी), आणि तो पोर्ट कुण्या पुण्यवंताने कधीतरी उघडून ठेवलेला होता. नवीला एएमक्यूपी हा दुसरा प्रोटोकॉल लागतो, म्हणजे ५६७१ पोर्ट. एक पोर्ट उघडायचा तर क्लायंटच्या नेटवर्क टीमला तिकीट, तिकिटाला फॉर्म, फॉर्मला डायग्राम आणि डायग्रामला ज्याची सही हवी तो माणूस रजेवर. वेबसॉकेट लावून ४४३ वरून, म्हणजे नेहमीच्या वेबसाइटवाल्या पोर्टवरून जाता येतं, कोडमध्ये एका ओळीचं काम आहे, तर ते सिक्युरिटीला आवडेना. ही मीटिंग नेहमी गुरुवारी, आणि गुरुवारी आमच्याकडे कोथरूडला मेंटेनन्ससाठी लाईट जाते, त्यामुळे मी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, पंख्याशिवाय, पोर्ट का हवा ते तेच तेच सांगत बसलेली असायचे. हिंजवडीला ऑफिसात जाऊन बसावं तर ट्रॅफिकमध्ये अडकून भूमकर चौकातूनच मीटिंग अटेंड करावी लागते.

बाबा हे सगळं हॉलमध्ये बसून ऐकतात. रिटायर्ड बँकवाले आहेत. हे एएमक्यूपी २००३ मध्ये जेपी मॉर्गन चेस बँकेतल्या जॉन ओहारा नावाच्या माणसाने सुरू केलं हे मी त्यांना उगाच सांगितलं, तेव्हापासून ते त्याला "आमच्या बँकेचं" म्हणतात. एकदा जेवताना त्यांनी उलटतपासणी घेतली.

"आधी मेसेज जात होते?"

"हो."

"आता तुझं काम झाल्यावर जातील?"

"हो."

"लवकर जातील?"

"फार फरक नाही पडणार."

"मग गिऱ्हाइकाला काय मिळालं?"

"सपोर्ट मिळाला, बाबा. सिक्युरिटीचे पॅच."

"म्हणजे काही मिळालं नाही," असं म्हणून त्यांनी आमटी वाढून घेतली. चिडायला झालं, पण अप्रेझलच्या फॉर्ममध्ये इम्पॅक्टच्या रकान्यात मॅनेजरने साधारण हेच लिहिलंय, फक्त इंग्लिशमध्ये. हे काम उत्तम झालं तर काहीच होत नाही. ऑर्डरी पडतात, बिलं निघतात, गोडाऊनवाला नेहमीसारखा उशिरा उठतो. बिघडलं तर मात्र कंपनीतला प्रत्येक माणूस तुम्हाला नावाने ओळखतो.

तर एकेक करत ॲप्स झाली. एक क्लायंट ऑब्जेक्ट ॲपच्या जन्मभर पुरवायचा असतो, आमच्याकडे दर मेसेजला नवीन उघडून बंद करायचे, तेही निस्तरलं. एक्सेल खरंच हिरवं झालं, केक आला, तो बिनअंड्याचा आहे का यावर चर्चा झाली आणि नेटवर्क टीमला कळवलं की जुने पोर्ट आता बंद करायला हरकत नाही.

ते बिचारे फॉर्मवाले लोक, त्यांनी बंद करायच्या आधी तपासलं. गुरुवारच्या कॉलवर त्यांच्यातला एकजण स्क्रीन शेअर करून अगदी शांतपणे म्हणाला, "९३५४ वर रोज रात्री दोन वाजता ट्रॅफिक दिसतंय, एका जुन्या सर्व्हरवरून. हे कुणाचं ॲप आहे?"

माझी तर लाईटच गेलेली होती. पण बाकीच्या सगळ्यांचं नेटसुद्धा त्याच क्षणाला कसं गेलं ते कळलं नाही.