जीपीएस म्हणून काय विकताय ओ?

बेळगावात गाडीसाठी जीपीएस मागून बघा एकदा. रस्ता दाखवणारं यंत्र म्हणतोय मी. समोर पडदा, नकाशा पोटात भरलेला, रेंज असो नसो चालणारं. दुकानदार तुमच्याकडं असा बघतो जणू तुम्ही ऑडिओ कॅसेट मागितली. मग काउंटरखालून एक काळा डबा काढतो. "हे घ्या, गाडी चोरीला गेली तर मोबाईलवर दिसतंय." अहो, गाडी कुठं आहे हे मला कशाला बघायचंय, मी तिच्यातच बसलेलो असतो! मला पुढचा फाटा कुठला ते बघायचंय. तर तो भिंतीवरच्या अँड्रॉइड स्टिरिओकडं बोट दाखवतो. "यात जीपीएस हाय की. मोबाईलचा हॉटस्पॉट द्या, पळतंय बघा." आणि हॉटस्पॉट नसला तर? "मग कसं चालंल ओ?"

इथं माझं डोकं फिरतं.

माझी पिवळ्या पाटीची गाडी. निम्मी भाडी गोव्याची, उरलेली चंदगड, निपाणी, कोल्हापूर, खानापूर तालुक्यातली खेडी. गोव्याला चोर्ला घाटानं जायचं तर जांबोटी सोडली की रेंज येते-जाते, आणि कणकुंबीच्या पुढं फोन खिशात ठेवलेला बरा. म्हणजे जिथं रस्ता विचारायला माणूस नाही, हॉटेल नाही, पाटी असली तर वेलींनी झाकलेली, नेमकं तिथं यांचं जीपीएस हॉटस्पॉट मागतं.

आता एक गोष्ट या दुकानदारांना कुणीतरी बसवून सांगा. जीपीएसला सिम लागत नाही. हॉटस्पॉट लागत नाही. जमिनीपासून 20,200 किलोमीटरवर अमेरिकेचे उपग्रह फिरताहेत, ते चोवीस तास वेळेचा आणि स्वतःच्या जागेचा सिग्नल खाली सोडत असतात. खालचं यंत्र फक्त ऐकतं. चार उपग्रह नीट ऐकू आले की आपण कुठं आहोत ते त्याला कळतं. त्याचं बिल येत नाही, रिचार्ज नाही, कुणाची परवानगी नाही. आधी अमेरिका सामान्य लोकांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घालायची, तेव्हा शंभर मीटर इकडं-तिकडं दाखवायचं. मे 2000 मध्ये त्यांनी तेही बंद केलं. तेव्हापासून बंगळुरात येतो तोच सिग्नल कणकुंबीतही येतो. दाट झाडीत, दरीच्या कुशीत जरा अडखळतो, एवढंच. फोनला रेंज असली तर तो उपग्रह लवकर शोधतो, नसली तर थोडा वेळ घेतो. पण सापडतो.

मग घाटात काय बंद पडतं? नकाशा, कारण तो नेटवरून येतो. पडद्यावर आपला निळा ठिपका व्यवस्थित असतो, त्याच्या भोवती सगळं कोरं. मी कुठं आहे ते यंत्राला पक्कं माहीत आहे, पण तिथं रस्ता आहे की नाही ते बंगळूर-मुंबईला विचारून सांगतो म्हणतंय. आकाशातलं फुकट आहे, अचूक आहे. विकायचा आहे तो नकाशा, आणि या बाजारात तोच कुणी धड विकत नाही.

"ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा" हे सांगायला आलेल्यांनी जरा थांबा. ठेवलाय. उन्हाळ्यात दुपारी काचेला लावलेला फोन तापतो आणि पडदा अंधुक होतो, चार्जिंगला लावला तर आणखी तापतो. त्याच फोनवर भाड्याचे फोन येतात, पार्टीचं लोकेशन येतं, पैसेही त्याच्यावरच. फोन आला की नकाशा मागं जातो आणि फाटा निघून जातो. आणि डाउनलोड केलेल्या नकाशाला रस्ता बंद आहे हे कळत नाही. कुसमळीचा मलप्रभेवरचा जुना पूल पाडून नवा बांधायला घेतला, तेव्हा जांबोटीमार्गे गोव्याला निघालेल्या परगावच्या गाड्या बघायला हव्या होत्या. पडद्यावर सरळ रस्ता, पुढं पूलच नाही. उतरून विचारायची सवयच राहिली नाही लोकांना.

रस्ता दाखवणारी स्वतंत्र यंत्रं जगात होती, आणि चांगली होती. गार्मिन ही अमेरिकन कंपनी 1989 ची. हॉलंडच्या टॉमटॉमनं 2004 मध्ये गो नावाचं यंत्र काढलं, काचेला चिकटवा आणि चालायला लागा, नकाशा आतच. मग पैशाचा पूर आला. नोकियानं नॅव्हटेक ही नकाशे करणारी कंपनी 8.1 अब्ज डॉलरला घेतली, टॉमटॉमनं टेली ॲटलस घेतली, दोन्ही व्यवहार 2008 मध्ये पुरे झाले. नुसत्या नकाशासाठी एवढे पैसे! यावरून समजा माल कशात आहे. आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 2009 मध्ये, गूगलनं अमेरिकेत अँड्रॉइड फोनवर वळणा-वळणाला बोलणारा नकाशा फुकट देऊन टाकला. त्या दिवशी गार्मिन आणि टॉमटॉमचे शेअर धाडकन खाली आले. आपल्याकडं मॅपमायइंडिया 1995 पासून नकाशे करते, तिनंही एकेकाळी डॅशबोर्डवरची यंत्रं विकली. आता तिचंही ॲप. गार्मिन म्हटलं की आता पोरांना पळायचं घड्याळ आठवतं.

फुकट मिळालं तर कोण विकत घेणार, हे कळतं मला, मी काय वेडा नाही. पण फुकटचं जिथं चालत नाही त्या मुलखात तरी विकतचं ठेवा की! युरोप-अमेरिकेत ट्रकवाल्यांसाठी वेगळी यंत्रं अजून विकतात. गाडीची उंची, वजन भरलं की ठेंगणे पूल, बंदी असलेले रस्ते टाळून नेतात. आपल्याकडं अवजड कंटेनर घाटाच्या वळणावर अडकून पडला की मागं तासन्‌तास रांग, आणि ड्रायव्हर फोन दाखवून सांगतो, "इसने बोला."

काहीजण म्हणतील, नव्या गाड्यांत येतं की कंपनीचं नेव्हिगेशन. माझ्या मेहुण्यानं हौसेनं टॉप मॉडेल घेतलं, खालच्या मॉडेलपेक्षा चांगले जादा पैसे मोजून. कंपनीचं नाव घेत नाही, कारण भांडण अजून चालू आहे. टिळकवाडीत तिसऱ्या रेल्वे गेटवर उड्डाणपूल झाला, गाड्या वरून जायला लागल्या, या पडद्यावर अजून गेटच. पुलावर गाडी असली की बाई बोलते, उजवीकडं वळा. कुठं वळू, रुळांवर उडी मारू? सर्व्हिसिंगला विचारलं तर म्हणे नकाशाचं अपडेट आलेलं नाही, आलं तर चार्ज पडेल. शिळा नकाशा टॉप मॉडेलच्या भावात गळ्यात मारायचा आणि ताजा करायचे पुन्हा वेगळे पैसे.

बरं, हे सगळ्या देशाचं दुखणं झालं. आमचं सीमेवरचं आणखी निराळं.

मोहनगा-दड्डीच्या भावेश्वरीच्या यात्रेला बेळगावची पार्टी घेऊन निघालं की नकाशा खुशाल कोवाड-राजगोळीकडून वळवतो. बेळगाव कर्नाटकात, दड्डी कर्नाटकात, मधला रस्ता चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. पांढऱ्या पाटीला काही फरक पडत नाही. पिवळ्या पाटीला परमिट लागतं, देशभराचं परमिट नसलं तर महाराष्ट्राचा टॅक्स लागतो, आणि अडवलं की "नकाशानं आणलं" हे कुणी ऐकून घेत नाही. पडद्यावर राज्याच्या सीमेची रेघ असते बरं का! ती ओलांडायला आमच्यासारख्याला कागद लागतो हे तेवढं कुणाला त्यात घालावंसं वाटलं नाही. टोल चुकवायचा पर्याय आहे, फेरी बोट टाळायचा पर्याय आहे. दोन राज्यांच्या मधे रोज ये-जा करणाऱ्या भाड्याच्या गाडीला पर्याय नाही. शिनोळी, कोगनोळी, हत्तरगी, इथं गाडी चालवणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, तो तोंडपाठ सांगेल कुठून गेलं तर कागद बघतात. एवढी साधी माहिती, आणि अब्जावधीचे नकाशे तिच्याशिवाय.

आणि सीमावाद तापलेल्या दिवसांत तर बोलूच नका. डिसेंबर 2022 मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, तिकडं पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळं फासलं. अशा दिवशी कुठल्या पाटीची गाडी कुठून न्यायची हे आम्ही स्टँडवर एकमेकांना फोन करून ठरवतो. आमचं खरं नेव्हिगेशन ते आहे. ड्रायव्हर लोकांचा ग्रुप. त्यात अनमोडला रस्ता खचला, खानापुरात मोर्चा आहे, लोंढ्यापुढं झाड पडलंय, सगळं येतं, तेही आधी येतं. फक्त रेंज लागते.

ज्यांना असा ग्रुप नाही त्यांचं काय होतं तेही बघितलं. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याला निघालेलं परराज्यातलं एक कुटुंब फोनमधल्या नकाशाच्या नादानं खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलात शिरलं. रात्र, रेंज नाही. रात्रभर गाडीत बसून राहिले, सकाळी काही किलोमीटर चालत गेल्यावर रेंज मिळाली, 112 ला फोन लागला आणि पोलिसांनी बाहेर काढलं. अस्वलं फिरतात ओ तिथं! बातमी वाचून लोक हसले. मला हसू आलं नाही. ती वाट नकाशावर रस्त्यासारखीच रेघ असते. डांबरी रस्ता कुठला आणि जंगलखात्याची जीप जाणारी वाट कुठली, हे रात्री परक्या माणसाला रेघेवरून कसं कळावं?

आता तो काळा डबा. कारण रस्ता दाखवणारं यंत्र कुणी विकत नसलं तरी आमच्यावर पाळत ठेवणारं सक्तीचं आहे. 1 जानेवारी 2019 पासून नोंदलेल्या प्रवासी भाड्याच्या गाड्यांना केंद्रानं ठिकाण कळवणारं यंत्र आणि धोक्याचं बटण बंधनकारक केलं. पुढं कर्नाटकात जुन्या गाड्यांवरही ते आलं. डबा नाही तर पासिंग नाही. सात हजारांच्या वर पैसे भरले मी, जीएसटी वेगळा. तोही आपल्या आवडीचा घ्यायचा नाही, ठरलेल्या यादीतलाच, आणि बसवणाराही त्यांचाच. वायरिंग अशी केली की हॉर्न वाजवला की मागचा दिवा मिचकतोय.

गंमत ऐका. या डब्याला आपल्या इस्रोचे उपग्रह ऐकू यायलाच हवेत असा नियम आहे. नाविक. 2013 ते 2016 या काळात सात उपग्रह सोडले, आपल्या देशाची स्वतःची दिशादर्शक यंत्रणा. मला अभिमान आहे, खरंच आहे. त्यातल्या काहींची अणुघड्याळं बंद पडली, त्यांच्या जागी नवे उपग्रह सोडताहेत, तेही समजून घेतो. पण बघा, देशाच्या या यंत्रणेचं सक्तीचं गिऱ्हाईक कोण? टॅक्सीवाला. आणि ती टॅक्सीवाल्याला काय दाखवते? काहीच नाही. पडदाच नाही डब्याला! मी कुठं आहे ते कुठल्यातरी कंट्रोल रूमला कळतं. मला कळत नाही. पैसे माझे, बॅटरी माझी, उपग्रह माझ्या कराच्या पैशातले.

बरं, बाईमाणसाच्या सुरक्षेसाठी आहे म्हणतात, त्याला माझा विरोध असायचं कारण नाही. मलाही पोरगी आहे. पण ते लाल बटण मोबाईलच्या नेटवर्कवरनं बोलतं. चोर्ल्यात कुणी दाबलं तर डबा निरोप आत साठवून ठेवतो आणि रेंज आली की पाठवतो. म्हणजे खाली गोव्यात सांखळीला उतरल्यावर. जिथं बटणाची खरी गरज तिथं ते नुसतं प्लॅस्टिक. हे बसवणाऱ्याला विचारलं तर म्हणे, "सिटीत चालतंय की ओ सर." सिटीत मला पोलीस चौकी दिसते, डोळ्यांनी!

वर आता त्याचं रिन्यूअल. सिम त्यांचं, सर्व्हर त्यांचा, त्यामुळं दुसरीकडं जायची सोय नाही. पैसे भरायला गेलो तेव्हा त्या माणसाला सरळच विचारलं, यात उपग्रह ऐकू येतो, आत सिम आहे, माझ्या गाडीचं सगळं टिपतोय, मग एक पडदा लावून आत नकाशा भरून का देत नाही? खानापूर, चंदगड, सांखळी, सत्तरी, एवढाच द्या, पैसे देतो की. म्हणाला, तशी ऑर्डर नाही. आणि आली तर रेट सांगतो, अधिक जीएसटी.