१ मेची सुट्टी म्हणे सप्टेंबरात

आज १ मे. आमच्या कंपनीत सुट्टी नाही. एचआरचं म्हणणं, क्लायंट अमेरिकेचा, त्यांचा लेबर डे सप्टेंबरात, तुमची कामगार दिनाची सुट्टी तेव्हाच घ्या.

काल रात्री साडेआठला लॉगिन केलं. पहाटे साडेपाचला सुटायचं, पण सिस्टीम बसली आणि साडेदहा वाजले. घरी आलो तर बाबा सातपासून इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसलेले. हुतात्मा चौकात जायचं होतं ना! माझे डोळे पाहिले आणि म्हणाले, "झोप तू. पुढच्या वर्षी जाऊ." आणि शर्टाची बटणं काढायला लागले.

तेव्हापासून डोकं फिरलंय. हा दिवस आला कुठून? अमेरिकेतूनच! १८८६ च्या १ मेला शिकागोच्या कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी काम बंद ठेवलं. माणसं मेली, फासावर गेली. १८८९ मध्ये पॅरिसच्या परिषदेत ही तारीख ठरली आणि जगाने उचलली. अमेरिकेने मात्र १८९४ मध्ये सप्टेंबरचा पहिला सोमवार धरला. धरू देत. न्यूझीलंडचा कामगार दिन ऑक्टोबरात असतो, जपानचा २३ नोव्हेंबरला. ज्याचा त्याचा इतिहास, ज्याची त्याची तारीख. पण मग आमची तारीख आमच्याकडे का नाही? १९६० साली याच दिवशी हे राज्य झालं. आपल्या दुकाने व आस्थापना कायद्यात २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या जोडीला १ मे स्पष्ट लिहिलाय. सप्टेंबरातल्या सोमवारी मी बाबांना कुठे नेऊ?

पगार त्याच क्लायंटच्या पैशातून येतो, घराचा हप्ता त्यावरच चालतो. मान्य.

बाबा गिरणी कामगार. ८२ च्या संपात नोकरी गेली, घरात खायचे वांधे होते, तरी १ मेला मला खांद्यावर घेऊन लालबागहून चौकात जायचे. तोच पांढरा शर्ट. आठ तास कोणी फुकट दिले नाहीत, हे मी त्यांच्या खांद्यावर बसून ऐकलंय. आणि काल मी चौदा तास भरले, त्यांच्याच डोळ्यांसमोर. ते एका शब्दाने बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आता पुन्हा लॉगिन आहे. बाबांना सांगितलंय, सिस्टीम बसो नाहीतर उठो, साडेपाचला मी निघणार, मग आपण चौकात जाऊ. "उद्या तर दोन तारीख," म्हणाले. म्हटलं, असू दे.

शर्ट परत खुंटीला लावलाय त्यांनी.