तक्ता सापडत नाही

सोसायटीचे सचिवपद माझ्याकडे आल्यापासून मेंटेनन्सचा हिशेब संगणकावर मांडणे ओघानेच आले, आणि तक्त्यात एक ओळ वाढवायची कशी, हा प्रश्न घेऊन मी त्या सॉफ्टवेअरच्या मदतीच्या संकेतस्थळावर गेलो. संकेतस्थळ बहुभाषिक आहे. भाषांची यादी युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक आकडा नेमून देणाऱ्या संगणकीय प्रमाणाच्या, क्रमाने लावलेली असल्यामुळे लॅटिन, सिरिलिक आणि अरबी लिप्या ओलांडल्यावर, नेपाळीच्या मागे आणि हिंदीच्या पुढे मराठी उभी असते. तिथवर पोहोचून मी शोधाच्या चौकटीत 'तक्ता' असे लिहिले. निकाल शून्य.

तसे पान नसते तर तक्रार नव्हती, परंतु अनुक्रमणिका चाळताना 'तक्त्यात ओळ वाढवणे' या शीर्षकाचे पान माझ्यासमोर आले. साध्या शोधयंत्राला भाषा येत नसते. संकेतस्थळ तयार होतानाच कोणता शब्द कोणत्या पानांवर आहे याची सूची केली जाते आणि आपण लिहिलेला शब्द त्या सूचीशी अक्षरशः ताडून पाहिला जातो. शब्दाचा सुरुवातीचा भाग जुळला तरी आमच्या यंत्राचे समाधान होते, त्यामुळे 'पान' म्हटले की 'पानावर', 'पानाला' ही सगळी मंडळी हजर होतात. पण तक्त्याचे सामान्यरूप होताना शेवटचा 'ता' बदलतो आणि यंत्राच्या लेखी तो परका ठरतो. इंग्रजी शब्दांचे प्रत्यय छाटण्याचे नियम मार्टिन पोर्टर यांनी १९८० मध्येच प्रसिद्ध केले. मराठीत नुसते छाटून भागत नाही, कारण छाटल्यावर हाती 'तक्त्या' उरतो आणि त्याला पुन्हा तक्ता करावे लागते, जी तसदी येथे कोणी घेतलेली नाही. अखेर मी 'तक्त' एवढेच लिहिले, जे पाहून शाळेतल्या बाईंनी लाल रेघ ओढली असती, आणि ते पान तत्काळ प्रकट झाले.

'ओळ' हा शब्द तर यंत्राने विचारातच घेतला नाही. फार लहान शब्द सूचीत घ्यायचे नाहीत, असा नियम असतो. मायएसक्यूएलसारख्या डेटाबेसमध्ये ही मर्यादा मुळात तीन अक्षरांची असते आणि अक्षर मोजताना मात्राही स्वतंत्र धरली जाते. त्यामुळे ओळ, घर, फळ आणि मन अपात्र ठरतात, तर 'आणि' मात्र वेलांटीच्या जोरावर पात्र ठरतो. बिनमहत्त्वाचे शब्द वगळण्याची यादी इंग्रजी असल्याने त्याला कोणी अडवतही नाही, आणि तो शोधला असता जवळजवळ संपूर्ण संकेतस्थळ समोर येते.

'ॲप' शोधण्याची हकिगत निराळी. ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. त्याआधी अ लिहून, मध्ये न दिसणारे एक जोडचिन्ह घालून, वर चंद्र चढवावा लागे, आणि कोणी हिंदीतला ऍ वापरून वेळ निभावून नेई. पडद्यावर यांतली पहिली दोन भावंडे ओळखू येणार नाहीत इतकी सारखी दिसतात, हिंदीतला ऍ तेवढा वेगळा दिसतो. यंत्र मात्र आकडे पाहते, आणि आकडे वेगळे म्हणून एकाला शोधताना दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

इंग्रजी विभागात जावे तर भाषा बदलताक्षणी चौकटीतला शब्द पुसला जातो. मग एका गोष्टीचा शोध लागला. ज्या पानांचे भाषांतर अर्धवट राहिले आहे, त्यांवर उरलेला इंग्रजी मजकूर तसाच दाखवला जातो आणि तो मराठीच्या सूचीतही जातो. परिणामी मराठी विभागातच रोमन लिपीत 'टेबल' लिहिले की भरघोस निकाल मिळतात. भाषांतर जितके अपुरे, तितका शोध उत्तम. ते काम विनामोबदला करणाऱ्या स्वयंसेवकांविषयी मला मनापासून आदर आहे, पण उद्या त्यांनी ती पाने पूर्ण मराठीत केली की माझा हा मार्ग बंद होईल, या धास्तीने ती सगळी पाने छापून मी सोसायटीच्या फायलीत लावून ठेवली आहेत.